कांद्याच्या रिंगा आणि ताक

रिंगांचा नाद मुक्ताला तिच्या बाबाने लावला. शनिवारी दुपारी ती आईकडे आली की चपला काढायच्या आधी आठवडाभराच्या बातम्या सांगून टाकायची, आणि त्या मार्चमध्ये प्रत्येक बातमीत रिंगा असायच्या. "बाबाने मॉलमध्ये घेतल्या. बांगडीएवढ्या! चावल्या की इतका आवाज होतो ना, की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी वळून बघितलं." आणि मग सहा वर्षांच्या माणसाला जमतो तेवढ्या निर्दयपणे विचारायची, "तुझ्याकडे आज काय आहे?"

उत्कर्षाकडे वरणभात असायचा. बटाट्याच्या काचऱ्या असायच्या. फार तर शिरा. बिबवेवाडीत शकूमावशींच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिने एक खोली घेतली होती. त्याच खोलीत ओटा होता, त्याच खोलीत गादी होती, आणि खिडकीत मुक्ताने लावलेली मेथीची कुंडी होती. मुक्ता यायची ती शनिवारी दोनला आणि जायची रविवारी सहाला. मधले अठ्ठावीस तास उत्कर्षा हलक्या हाताने वापरायची. नखं कापायची, केस धुवायचे, गोष्ट सांगायची. झोपलेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून पडून राहायचं.

तिच्या नवऱ्याने, आमोदने, तिच्यावर कधी हात उगारला नव्हता की शिवी दिली नव्हती. तो बोलायचा थांबायचा. एकदा अडीच महिने थांबला. भाजीत मीठ जास्त झालं तरी ते त्याच्या तोंडून नाही, सासूबाईंच्या तोंडून कळायचं. गेल्या दिवाळीनंतर ती बाहेर पडली. मुक्ताची शाळा आमोदच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर होती, म्हणून शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुलगी तिथेच राहील असं कोर्टाने तात्पुरतं ठरवून दिलं. जूनपासून ती कुणाकडे, हे मात्र अजून ठरायचं होतं. एप्रिलमध्ये समुपदेशक बाई मुलीशी एकटीशी बोलणार होत्या. त्यांचा अहवाल न्यायाधीश वाचणार, आणि मग काय ते होणार. उत्कर्षा स्वारगेटजवळच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. एका एका काचेची कड नीट करताना तिच्या डोक्यात हा एकच महिना फिरत असायचा. जून.

तर रिंगा. त्यात बाबाशी स्पर्धा होती का? होती. तिने स्वतःशीसुद्धा ते नाकारलं नाही.

पहिल्यांदा तिने सोडा घालून केल्या. मैदा, थोडं कॉर्नफ्लोर, तिखट, मीठ, वरून सोड्याची बाटली. तळताना बऱ्या दिसल्या. ताटलीत आल्या आणि दोन मिनिटांत मान टाकली. एक चावली की आतला कांदा शेवईसारखा ओढला जाऊन बाहेर यायचा आणि पिठाचं रिकामं वेटोळं हातात राहायचं. मुक्ताने तीन खाल्ल्या. मग आईचा चेहरा बघून शहाण्यासारखं म्हणाली, "छान आहेत. पण भजी आहेत."

तो 'पण' उत्कर्षाला आठवडाभर पुरला.

बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, तिने मोबाइलवर आठ-दहा जणांच्या कृती बघितल्या. कांदा मोठा घ्या, जाड कापा. चकतीतली वळी सुटी करा, आणि प्रत्येक वळ्याच्या आतला पातळ पापुद्रा काढून टाका, नाहीतर पीठ घसरतं. आधी कोरड्या मैद्यात घोळवा, मग ओल्या पिठात. पीठ फार ढवळू नका, गुठळ्या राहिल्या तरी चालतील. इथपर्यंत सगळं तिला पटत होतं. पण शेवटी जो तो एकाच गोष्टीवर यायचा. थंडगार बिअर. पाणी नको, सोडा नको, बिअर. दारू तेलात उडून जाते, फेस तेवढा पिठात राहतो, आणि त्याचीच कुरकुर होते.

उत्कर्षाने जन्मात बिअरची बाटली हातात धरली नव्हती. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानासमोरून ती शुक्रवारी संध्याकाळी दोनदा गेली आणि तिसऱ्यांदा आत शिरली.

"एक बिअर द्या. छोटी."

"कुठली?"

"कुठलीही. भज्यांसाठी हवी आहे."

दुकानदाराने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "बरोबर आहे. इथे येणारे सगळे भज्यांसाठीच नेतात." आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळताना म्हणाला, "कागद जाड लावतो. शेजाऱ्यांनाही भजी आवडत असतील."

ती पिशवी छातीशी धरून जिना चढली आणि बाटली फ्रिजमध्ये दुधाच्या मागे आडवी ठेवली.

शनिवारी चार वाजता दोघी कामाला लागल्या. मार्केट यार्डातून आणलेले पाव-पाव किलोचे तीन कांदे उत्कर्षाने अंगठ्याच्या जाडीचे कापले. वळी सुटी करायचं काम मुक्ताचं. तिने मधला गाभा बोटाने ढकलून पाडला, एकातून एक वळी सोडवली, मोठी चार हातात घालून बघितली, मग उत्कर्षाच्या हातात घातली. "आता तू नवरी," ती म्हणाली. पापुद्रा काढायचा खेळ तर तिला फारच आवडला. नखाने एक टोक धरायचं आणि हळूच ओढायचं. "आई, कांद्याचं बनियन!"

बाटली उघडली तेव्हा मुक्ता बाकावर उभी होती. फुस्स झालं. पिठात बिअर पडली आणि पीठ फसफसून वर आलं.

"हे काय आहे?"

उत्कर्षाला वाटलं, मुलीशी कशाला खोटं बोलायचं? त्या घरात सगळं झाकूनच चालतं. इथे नको.

"बिअर," ती म्हणाली. "मोठी माणसं पितात. आपण प्यायची नाही. ती पिठाला खेळवते."

"मी ढवळू?"

"तीनदाच."

मुक्ताने मोजून तीनदा ढवळलं.

त्या दिवशीच्या रिंगा. काय सांगावं! सोनेरी, खरबरीत, जाळीवर ठेवल्या तर एकमेकींवर आपटून खुळखुळत होत्या. मुक्ताने पहिली चावली आणि आवाज असा झाला की दोघीही दचकल्या. मग ती बोलेनाशीच झाली. सात खाल्ल्या. आठवी हातात धरून म्हणाली, "आई, ह्या मॉलला शिकव." उरलेली अर्धी बाटली उत्कर्षाने मोरीत ओतली आणि वर बादलीभर पाणी मारलं. त्या रात्री मुलगी तिच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. तिच्या केसांना तळणाचा वास येत होता. उत्कर्षाने तो वास घेतला आणि तिला वाटलं, सुचलं बाई एकदाचं काहीतरी.

रविवारी रात्री आठला फोन आला. मंदाकिनीबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा. लग्नात नऊ वर्षं त्या तिला 'अगं' म्हणत आल्या होत्या. ती घर सोडून गेली त्या दिवसापासून 'अहो' म्हणायला लागल्या होत्या. पुण्यात एखाद्याला परकं करायचं तर त्याला मान द्यायला लागतात.

"अहो उत्कर्षाताई, मुक्ता सांगत होती, काल आपल्याकडे बिअरचा कार्यक्रम होता म्हणे."

"कार्यक्रम नाही हो. रिंगा केल्या. पिठात घातली थोडी."

"असेल, असेल. ती म्हणाली, 'आई आणि मी बिअर केली, मी तीनदा ढवळली.' सगळ्या सोसायटीला सांगून झालं. छान आहे. आम्ही आपले जुने लोक, ताकावर भागवतो." आणि मग सहज, पोळ्या झाल्या का विचारावं तशा सुरात, "पुढच्या सोमवारी त्या कोर्टातल्या बाई विचारतीलच ना तिला, आईकडे काय काय करतेस म्हणून?"

फोन ठेवल्यावर उत्कर्षा ओट्याला टेकून उभी राहिली. त्या घरात आमोद दर शुक्रवारी मित्रांबरोबर 'बसायचा'. गच्चीवर टेबल लागायचं, मंदाकिनीबाई स्वतः शेंगदाणे तळून वर पाठवायच्या, आणि सकाळी मोलकरीण बाटल्या खाली न्यायची. त्याला कुणी दारू म्हणत नव्हतं. बसणं म्हणत होतं. नऊ वर्षांत तो शब्द तिला कधी टोचला नव्हता. आज टोचला. त्याच्या पेल्यांना एक सोवळा शब्द होता आणि तिच्या पिठाला नव्हता.

तिने वकीलबाईंना फोन लावला, त्या गावाला गेल्या होत्या. निरोप ठेवला. उलट फोन आला नाही.

मंगळवारी पाणी भरताना शकूमावशींनी तिचा चेहरा बघितला. बिबवेवाडी गाव होतं तेव्हापासूनच्या त्या. ज्यावर आता बिल्डिंगी उभ्या आहेत त्या वावरात त्यांनी खुरपणी केलेली. उत्कर्षाने सगळं सांगितलं.

"येवढंच व्हय?" शकूमावशी म्हणाल्या. "मग पोरीला सांगायचं, ताक व्हतं म्हनून. ताकाची बी भजी होत्यात की. पांढरा फेस ह्याला बी, पांढरा फेस त्याला बी. कोन बघाया आलंय?"

"खोटं शिकवू तिला?"

"अगं माय, पोर ऱ्हाती का जाती, त्याच्यापुढं ह्ये काय मोठं हाय? तू लई शिकल्याली हायेस, म्हनून तुला येवढं अवघड वाटतंय."

मावशींनी प्रेमाने सांगितलं होतं. तिथेच खरी गोम होती.

शनिवारी मुक्ता आली. या वेळी उत्कर्षाने काही तळलं नाही. रात्री गादीवर पडल्यावर ती म्हणाली, "मने, परवा एक बाई तुझ्याशी गप्पा मारणार आहेत ना. त्यांनी विचारलं, रिंगांमध्ये काय घातलं, तर म्हणायचं ताक."

"पण ते ताक नव्हतं."

"नव्हतं. पण आपण ताक म्हणायचं."

"म्हणजे खोटं?"

उत्कर्षा अंधारात वर बघत होती. उत्तर तिला फार पटकन सुचलं, आणि सुचलं तेव्हा बरंच वाटलं. "खोटं नाही गं. टोपणनाव. तुझं नाव मुक्ता आहे, पण मी तुला मनी म्हणते ना? मग मी काय खोटं बोलते? तसं. त्याचं टोपणनाव ताक."

मुक्ताला हे पटलं. "ताक, ताक," ती दोनदा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि खरं नाव सांगितलं तर?"

इथे उत्कर्षाने गप्प बसायला हवं होतं. पण आठवडाभराची धास्ती होती, आणि मुलीचे पाय तिच्या पोटाशी होते, आणि ते तिथेच राहावेत एवढंच तिला हवं होतं.

"तर मग कदाचित तुला इथे येता येणार नाही," ती म्हणाली.

मुक्ताचे पाय आईच्या पोटाशी आणखी घट्ट झाले.

सोमवारी साडेअकराला सगळे कोर्टात होते. बाकाच्या एका टोकाला मंदाकिनीबाई पर्स मांडीवर घेऊन, मध्ये आमोद मोबाइल बघत, दुसऱ्या टोकाला उत्कर्षा. समुपदेशक बाई पन्नाशीच्या होत्या, चेहऱ्यावर थकवा, पण आवाज मऊ. त्यांनी मुक्ताचा हात धरला आणि तिला आत नेलं. खोली म्हणजे प्लायवूडचा आडोसा होता. आडोसा छतापर्यंत गेलेला नव्हता. उत्कर्षा त्याला लागूनच बसली होती.

आधी शाळेचं झालं. मैत्रिणींचं झालं. मग बाई म्हणाल्या, "बाबाकडे काय काय करतेस?"

"होमवर्क. टीव्ही. शुक्रवारी बाबा बसतो, तेव्हा मी आजीकडे झोपते."

"बसतो म्हणजे?"

"गच्चीवर. मित्रांबरोबर. आजी शेंगदाणे देते."

"अच्छा. आणि आईकडे?"

"आईकडे मेथी आहे. आणि आम्ही रिंगा केल्या. मॉलपेक्षा भारी."

"अरे वा! कशा केल्या?"

उत्कर्षा आडोशाकडे आणखी सरकली.

"कांदा कापायचा. मग त्याचं बनियन काढायचं. मग मैदा, मीठ, तिखट, आणि ताक." मुक्ता थांबली. ती प्रामाणिक मुलगी होती, अर्धवट सांगणं तिला जमत नसे. "ताक हे त्याचं टोपणनाव आहे."

"हो का? मग खरं नाव काय?"

बाहेर आमोदचं बोट मोबाइलवर थांबलं.

"ते सांगायचं नाही," मुक्ताचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सांगितलं तर मला आईकडे येता येणार नाही."

आणि ती रडायला लागली. हट्टाचं रडणं नव्हतं ते. ओरडा बसू नये म्हणून तोंड दाबून रडतात तसं होतं. उत्कर्षा ताडकन उठली, पण आडोशाच्या दारातल्या पडद्याशी उभी असलेली शिपाईबाई म्हणाली, "बसा ताई, आत जाता येत नाही." आमोदने मान वर करून तिच्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सरळ बघितलं. जिंकल्याचा भाव असता तर तिने तो सोसला असता. त्याच्या डोळ्यांत कीव होती. मंदाकिनीबाई पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

नंतर बाईंनी उत्कर्षाला आत बोलावलं. मुक्ताला शिपाईबाईने पाणी प्यायला नेलं होतं.

"बिअर होती ना?"

"हो." तिने सगळं सांगितलं. सोडा, पापुद्रा, फेस, मोरीत ओतलेली अर्धी बाटली. "मी पीत नाही हो. कधीच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "प्यायला असतात तरी मला काय करायचंय? मी स्वतः नाताळात केकमध्ये रम घालते. मुलीने बिअर म्हटलं असतं, मी हसले असते, आणि पुढचा प्रश्न विचारला असता." त्यांनी समोरचा फॉर्म पुढे ओढला. "पण मूल पढवून आणलेलं असलं, आणि त्यातही आई तुटेल अशी भीती घातलेली असली, तर मला ते लिहावंच लागतं. ते मी सोडू शकत नाही."

"तो शुक्रवारी बसतो म्हणाली ती. तेही लिहिणार?"

"लिहिणार. 'बाबा मित्रांबरोबर गच्चीवर बसतो.'"

"बसतो म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे हो," बाई म्हणाल्या. आवाज तसाच मऊ होता. "पण मी मुलीचे शब्द लिहिते. अर्थ लिहायची मला परवानगी नाही."

उत्कर्षाला खूप बोलायचं होतं. ही मुलगी ताप आला की पायाचे अंगठे धरून झोपते, हे तिथे कुणाला माहीत नाही. तिला दुधाची साय चालत नाही, पण ती सांगत नाही, घोट तोंडात धरून ठेवते. आजवर तिच्याशी एकदाच खोटं बोलले, तेही कशासाठी. यातलं काही त्या फॉर्मच्या रकान्यात बसणारं नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि उठली.

निकाल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मुलगी वडिलांकडे राहील. आईने महिन्यातून दोन शनिवारी दोन तास भेटावं. मुलीवर दडपण येऊ नये म्हणून पहिले सहा महिने ही भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, कर्मचाऱ्याच्या नजरेखाली व्हावी. वकीलबाई म्हणाल्या, पुन्हा अर्ज करता येईल, धीर धरा. शकूमावशी जिन्यात पदर तोंडाला लावून बसल्या. "माझी जीभ जळो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या, आणि उत्कर्षालाच त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

पहिल्या भेटीला ती अर्धा तास आधी जाऊन बसली. खोलीत प्लॅस्टिकची घसरगुंडी होती, एक डोळा नसलेलं अस्वल होतं, आणि कोपऱ्यात दुसरं एक कुटुंब खालच्या आवाजात भांडत होतं. मुक्ता आली. पुढचा दात पडला होता, आणि तो कुठे, कसा पडला हे उत्कर्षाला माहीत नव्हतं. तिने मुलीला जवळ ओढलं, डोक्यावर, कानांवर, मानेवर पापे घेतले.

मुक्ताने ते घेऊ दिले, तोंड उघडून पडलेल्या दाताची जागा दाखवली. मग मागे सरकून, दाराशी बसलेल्या बाईकडे एक नजर टाकून, हळूच विचारलं, "आई, हे घरी सांगायचं?"

"काय?"

"तू पापी घेतलीस ते."

"सांग की, बाळा. सगळं सांगायचं आता. काही लपवायचं नाही."

"दात दाखवला ते?"

"ते पण."

"घसरगुंडी?"

"सगळं, मने, सगळं."

मुक्ताने मान डोलावली. पण तिचा विश्वास बसलेला नव्हता. एखादा अवघड धडा पाठ करावा तशी ती आईचा चेहरा न्याहाळत होती.

"आणि तू रडतेस ते?"

"मी कुठे रडतेय?" उत्कर्षा म्हणाली. आई म्हणून जे आपोआप तोंडातून निघतं ते निघालं, आणि निघाल्यावरच तिच्या लक्षात आलं.

मुक्ताने एकवार दाराकडे बघितलं. मग फ्रॉकचं टोक हातात घेऊन तिने आईचे दोन्ही गाल पुसले, अगदी नीट, कडेपर्यंत.

"कळलं," ती कुजबुजली. "हे नाही सांगायचं."